स्पीड फिगर आणि पेस फिगर: हॅन्डिकॅपर घडवणाऱ्या दोन परंपरा

अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतींचा अभ्यास करून पैसे लावणाऱ्याला हॅन्डिकॅपर म्हणतात. घोड्यांची वजने ठरवणारा अधिकारी इथे अभिप्रेत नाही. या अभ्यासकासमोर स्पीड फिगर आणि पेस फिगर हे दोन आकडे सतत येतात आणि नवखा माणूस ते हमखास एकच समजतो. दोन्ही घड्याळातून निघतात, दोन्हींत सेकंदाच्या अंशांचा हिशेब असतो आणि दोन्हींना आपण सैलपणे ‘वेग’ म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात पहिला आकडा घोड्याने पूर्ण अंतर किती वेळात कापले हे सांगतो, तर दुसरा त्याने आपली ताकद वाटेत कुठे आणि किती खर्च केली हे सांगतो. हे दोन विचार रुजवणाऱ्या माणसांची शिकवण्याची रीतही वेगळी होती. हॅन्डिकॅपर कोणत्या गोष्टीकडे दुर्लक्ष करील, हे बऱ्याच अंशी तो कोणाकडून आणि कसा शिकला यावर ठरते, असे मला वाटते.

स्पीड फिगरची परंपरा प्रामुख्याने एका लेखकाची आहे. पुढे ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकाचे रेसिंग स्तंभलेखक झालेल्या अँड्र्यू बायर यांनी १९७५ मध्ये ‘पिकिंग विनर्स’ हे पुस्तक लिहिले आणि अंतिम वेळेला तुलना करण्याजोगा आकडा कसा बनवायचा ते सामान्य वाचकाला उलगडून दाखवले. नुसती वेळ निरुपयोगी असते, कारण त्या दिवशी मैदान वेगवान होते की संथ हे ती सांगत नाही. म्हणून दिवसभरातील सर्व शर्यतींच्या वेळा त्या त्या दर्जाच्या घोड्यांकडून अपेक्षित असलेल्या वेळांशी ताडून मैदानाचा फरक काढायचा, तो प्रत्येक वेळेतून वजा किंवा तिच्यात अधिक करायचा, आणि वेगवेगळ्या अंतरांच्या शर्यती एकाच मापावर आणायच्या, अशी ही रीत आहे. मागे राहिलेल्या घोड्यांचे आकडेही अंतरानुसार बदलतात: सहा फर्लांगांच्या (एक फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) शर्यतीत एक लेंग्थ, म्हणजे एका घोड्याच्या लांबीएवढे अंतर, सुमारे अडीच गुणांचे, तर एका मैलाच्या शर्यतीत दोनहून थोड्या कमी गुणांचे. पुस्तकातून शिकता येण्याजोगी ही विद्या आहे. पायऱ्या ठरलेल्या आहेत, अंकगणित साधे आहे आणि चिकाटी असेल तर गुरूची गरज पडत नाही.

पण या आकड्याला काय दिसत नाही, ते एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. दोन घोड्यांनी वेगवेगळ्या शर्यतींत सहा फर्लांगांचे अंतर ७० सेकंदांत कापले. पहिल्याने दोन-दोन फर्लांगांचे तीन टप्पे २२, २३ आणि २५ सेकंदांत पार केले, तर दुसऱ्याने २३, २३ आणि २४ सेकंदांत. दोन्ही शर्यती एकाच दिवशी, एकाच मैदानावर झाल्या असतील तर स्पीड फिगर तंतोतंत सारखा येईल. आता वेग फूट प्रति सेकंदात मोजू. पहिला घोडा पहिले चार फर्लांग सरासरी ५८.७ च्या वेगाने धावला आणि शेवटच्या दोन फर्लांगांत ५२.८ वर उतरला, दुसरा ५७.४ ने धावून शेवटी ५५ वर टिकला. पुढच्या शर्यतीत दोघे समोरासमोर आले आणि आघाडीसाठी झुंजणारा तिसरा घोडा मैदानात असला, तर पहिल्याची दमछाक होण्याची शक्यता मोठी आहे. झुंजणारा कोणीच नसला, तर तोच पहिला आरामात सुटून जाऊ शकतो, कारण एकट्याने आघाडी घेणाऱ्या घोड्याला वेग स्वतःच्या सोयीने राखता येतो.

याचा सर्वांत ठळक दाखला १९७३ च्या बेलमाँट स्टेक्स या नामांकित अमेरिकी शर्यतीत सापडतो. दीड मैलाच्या त्या शर्यतीत सेक्रेटेरिएट आणि शॅम हे दोन घोडे सुरुवातीपासून एकमेकांना भिडले आणि पहिले सहा फर्लांग १ मिनिट ९.८ सेकंदांत पार झाले, जे इतक्या लांब शर्यतीसाठी अतिशय तीव्र होते. सेक्रेटेरिएट २ मिनिटे २४ सेकंदांत, ३१ लेंग्थने जिंकला. त्याआधीच्या केंटकी डर्बी आणि प्रीकनेस या दोन्ही मोठ्या शर्यतींत दुसरा आलेला शॅम मात्र पाच घोड्यांत शेवटचा ठरला. त्याचा त्या दिवसाचा अंतिम आकडा तेवढा पाहणाऱ्याला तो सामान्य घोडा वाटेल. सुरुवातीच्या टप्प्यांच्या वेळा पाहणाऱ्याला त्याने काय झेलले ते कळेल.

पेसची परंपरा प्रामुख्याने एका शिक्षकाभोवती वाढली. कॅलिफोर्नियातील हॉवर्ड सार्टिन यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार, जुगाराच्या आहारी गेलेल्या ट्रकचालकांच्या गटोपचारातून त्यांची पद्धत जन्माला आली: या माणसांना खेळ सोडायला लावण्याऐवजी जिंकायला शिकवायचे. प्रत्येक टप्प्याचा वेग फूट प्रति सेकंदात मोजणे हा त्या पद्धतीचा गाभा होता आणि ती मुख्यतः वर्ग, चर्चासत्रे व अनुयायांच्या गटांतून पसरली. त्या वर्तुळातून पुढे आलेल्या टॉम ब्रोहॅमर यांनी १९९१ मध्ये पेसवर पुस्तक लिहून ती नीट मांडली. त्यापूर्वी, १९७९ मध्ये, गणिताचे प्राध्यापक विल्यम क्विरिन यांनी संगणकाच्या आधारे सुरुवातीच्या वेगाचे महत्त्व दाखवून दिले होते आणि त्यासाठी घोड्याला शून्य ते आठ गुण देण्याची रीतही घालून दिली होती. तरीही पेस नुसता वाचून हाती लागत नाही असे मी म्हणेन. कोणता जॉकी आघाडी सोडून देईल, कोणता घोडा मागे ठेवला की बिथरतो, या मैदानावर सध्या ताकदीची कोणती वाटणी जिंकते आहे, हे निर्णय आकड्याच्या पलीकडचे आहेत. शेजारी बसून ‘तू हा घोडा का धरलास’ असे विचारणारा माणूस असला, तर ते लवकर आणि पक्के शिकता येतात.

दोन्हींतला आणखी एक फरक पैशाचा आहे. अमेरिकेतील शर्यतींत पैसे लावणारे एकमेकांविरुद्ध खेळतात. ट्रॅक साधारण १५ ते २५ टक्के कापून घेतो आणि उरलेली रक्कम विजेत्यांत वाटली जाते. त्यामुळे सर्वांना ठाऊक असलेल्या माहितीचे मोल घसरते. बायर यांचे आकडे १९९२ पासून ‘डेली रेसिंग फॉर्म’ या शर्यतींच्या दैनिकात छापून येऊ लागले, तेव्हा सर्वाधिक आकड्याच्या घोड्यावर गर्दी होणे आणि त्याचा भाव, म्हणजे जिंकल्यास मिळणारा परतावा, उतरणे अटळ होते. आकडा पूर्वीइतकाच खरा राहिला, पण त्याची मक्तेदारी संपली. पेसचेही तयार आकडे आज विकत मिळतात, मात्र आजच्या शर्यतीत आघाडीसाठी कोण कोणाशी भिडणार हा अंदाज प्रत्येक वेळी नव्याने बांधावा लागतो आणि त्यावर जाणकारांचेही एकमत होत नाही.

म्हणून शिकणाऱ्याने आधी बायर वाचावेत, निदान एका मैदानाचे आकडे काही काळ स्वतः काढावेत आणि मगच पेसकडे वळावे, असे माझे मत आहे. टप्प्यांच्या वेळांवरही मैदानाच्या त्या दिवसाच्या वेगाचा परिणाम होतोच. तो फरक काढता न येणारा माणूस संथ मैदानावरची सुरुवात घोड्याचा संयम समजून बसतो. मातीवरील लहान शर्यतींत दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. गवतावरील लांब शर्यतींत मात्र मी अंतिम आकड्याला दुय्यम स्थान देईन, कारण तिथे सुरुवात बहुधा इतकी संथ असते की उत्तम घोड्यांच्याही अंतिम वेळा सामान्य दिसतात आणि निकाल शेवटच्या दोन-तीन फर्लांगांतल्या वेगावर लागतो.