पोटातल्या धमनीत कापडाची नळी : स्टेंट-ग्राफ्टची पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागापुढे उभ्याने आयुष्य काढलेल्या आणि बिडीची सवय असलेल्या एखाद्या माणसाचे कुल्ले आणि मांड्या थोडे चालताच भरून येतात, पारावर टेकले की दुखणे ओसरते आणि पुन्हा तेवढेच अंतर चालले की परत येते. अशा वेळी घरातले ‘कमरेची गादी सरकली’ असेच धरून चालतात. दुखणे मणक्याचे असेलच असे नाही. महाधमनी बेंबीच्या आसपास दुभंगून तिच्या दोन्ही पायांकडे जाणाऱ्या दोन इलियाक धमन्या होतात, तिथे चरबीचा आणि चुन्याचा थर साचून रक्ताची वाट अडलेली असू शकते, आणि जांघेत दोन बोटे ठेवून नाडी लागत नाही एवढ्यावरूनही ती शंका येते. ही साधी तपासणी राहून जाते, याची खंत वाटते. अशी अडलेली वाट आतून उघडी ठेवणारे, धातूची जाळी आणि कापडाची नळी एकत्र आणणारे साधन म्हणजे स्टेंट-ग्राफ्ट; ते कसे घडत गेले, त्याची ही गोष्ट.

फ्रेंच शल्यविशारद रने लरीश यांनी १९२३ मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि बंद भाग काढून वाट पुन्हा जोडणे हाच खरा उपाय, असे मतही मांडले. ते प्रत्यक्षात यायला १९५० चा नोव्हेंबर उजाडला. अन्नपूर्णा शिखरावर गेलेल्या फ्रेंच पथकाचे डॉक्टर झाक उदो यांनी परतल्यावर त्याच वर्षी पॅरिसमध्ये बंद पडलेला दुभाजक, म्हणजे महाधमनी जिथे दुभंगते तो भाग, कापून तिथे मृत दात्याची धमनी जोडली. पण अशा धमन्या सहज मिळत नसत आणि काही वर्षांत त्या खराब होत.

पुढचे पाऊल कापडाचे होते, आणि कापडावर जगणाऱ्या गावाने ते समजून घ्यावे असे आहे. न्यूयॉर्कमध्ये आर्थर व्हूरहीस यांना प्रयोगातल्या कुत्र्याच्या हृदयात राहिलेला रेशमी टाका दिसला. त्यावर शरीराने गुळगुळीत, चकचकीत अस्तर चढवले होते. धाग्यावर अस्तर चढते तर विणलेल्या नळीवरही चढेल, या तर्काने त्यांनी विन्यॉन नावाच्या कृत्रिम धाग्याच्या नळ्या वापरल्या आणि १९५२ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी यांनी डॅक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टर, कापडाच्या नळ्या पत्नीच्या शिलाई मशीनवर स्वतः शिवल्या. मात्र त्या बसवण्यासाठी पोट उघडावेच लागे, आणि हृदय किंवा फुप्फुस कमजोर असलेल्या रुग्णाला ते झेपत नसे.

दुसरी वाट सुईच्या टोकाने उघडली. स्वेन सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये सुईतून तार आणि तारेवरून नळी सरकवण्याची रीत दाखवली. चार्ल्स डॉटर यांनी १६ जानेवारी १९६४ रोजी पोर्टलंडमध्ये पाय कापू देण्यास नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या बाईंची अरुंद धमनी त्याच वाटेने रुंद केली. धमनीत फुगवून ती रुंद करणारा आंद्रेआस ग्रुंट्झिग यांचा फुगा १९७४ मध्ये आला, आणि हुलिओ पाल्माझ यांच्या धातूच्या जाळीला, म्हणजे स्टेंटला, इलियाक धमनीसाठी अमेरिकेत १९९१ मध्ये मान्यता मिळाली.

कापड आणि जाळी एकत्र आणण्याचे श्रेय बहुतेकदा ब्वेनोस आयरेसचे हुआन पारोदी यांना, १९९० मधल्या त्यांच्या शस्त्रक्रियेसाठी दिले जाते. ती फुगलेल्या महाधमनीवरची होती. पण खार्किवचे निकोलाय व्होलोदोस यांनी १९८५ मध्येच अरुंद झालेल्या इलियाक धमनीत अशी नळी बसवली होती. त्यांचे नाव आधी घेतले जावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

उघड्या जाळीच्या छिद्रांतून आतले अस्तर वाढून वाट पुन्हा अरुंद होते, शिवाय चुना साचलेली कडक धमनी फुग्याने फाटली तर रक्तस्राव होतो. आवरण असलेली जाळी दोन्ही धोके कमी करते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील कोबेस्ट अभ्यासात लांब आणि गुंतागुंतीच्या अडथळ्यांत ती अधिक टिकल्याचे दिसले. त्यानंतर दुभाजकच तीन आवृत (आवरण असलेल्या) स्टेंटनी नव्याने घडवण्याची सेरॅब ही पद्धत आली.

या आवरणाची एक अडचण मात्र आहे : ते आतल्या इलियाक शाखेच्या तोंडावर पसरले तर कुल्ल्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ज्या दुखण्यासाठी रुग्ण आला, तेच पुन्हा उद्भवू शकते. म्हणून नळीची लांबी ठरवण्याआधी सीटी अँजिओग्राफीवर (धमन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनवर) ती शाखा नेमकी कुठे फुटते, हे मोजून घेतात.