काऊंटी फेअर

काऊंटी फेअर : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत काऊंटीच्या पातळीवर वर्षातून एकदा भरणारे जनावरे, शेतमाल, घरगुती पदार्थ आणि हस्तकला यांचे स्पर्धात्मक प्रदर्शन. काऊंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. मात्र लोकसंख्येने बहुतेक काऊंट्या आपल्या तालुक्यापेक्षाही लहान आहेत. देशात अशा ३,१०० हून थोड्या अधिक काऊंट्या आहेत. फेअर बहुधा जुलै ते सप्टेंबर या काळात चार ते दहा दिवस चालते. आकाशपाळणे, तळलेल्या पदार्थांचा वास आणि रात्रीचा झगमगाट पाहून नवख्याला ती जत्राच वाटते. प्रत्यक्षात तिचा कणा म्हणजे परीक्षण. ताटलीतल्या पाच बटाट्यांपासून सहाशे किलोंच्या गोऱ्ह्यापर्यंत स्पर्धेत उतरलेली प्रत्येक गोष्ट छापील नियमांवर तपासली जाते आणि निकालाची फीत सर्वांसमक्ष तिच्यावर टांगली जाते. बाकीचा सगळा गाजावाजा या परीक्षेचा खर्च भागवण्यासाठी आहे, असे म्हटले तरी फारसे चुकणार नाही.

या प्रथेचे श्रेय सामान्यतः एल्काना वॉटसन यांना दिले जाते. मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड येथे त्यांनी १८०७ मध्ये गावाच्या चौकात दोन मेरिनो मेंढ्या लोकांना पाहण्यासाठी बांधल्या. लोकर उत्तम असल्याचे पाहणाऱ्यांना पटले. पुढे १८११ मध्ये बर्कशायर कृषी संस्था स्थापन झाली आणि बक्षिसे लावून जनावरांचे प्रदर्शन भरू लागले. खरेदी-विक्रीचे बाजार त्याआधीही भरत. पेनसिल्व्हेनियातील यॉर्कची परंपरा १७६५ पर्यंत मागे जाते. वॉटसन यांनी त्यात स्पर्धा आणि शिक्षण यांची भर घातली, शिवाय घरी विणलेल्या कापडाला बक्षिसे ठेवून स्त्रियांनाही सामावून घेतले. राज्य पातळीवरचे पहिले फेअर १८४१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूज येथे झाले. ए. बी. ग्रॅहॅम यांनी १९०२ मध्ये ओहायोच्या क्लार्क काऊंटीत शाळकरी मुलांचा शेतीमंडळ-उपक्रम सुरू केला. अशाच उपक्रमांतून ‘फोर-एच’ ही चळवळ उभी राहिली. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने कृषी विद्यापीठांची विस्तार सेवा काऊंट्यांपर्यंत पोहोचली आणि फोर-एच तिचा भाग बनले. आज काऊंटी फेअरमधला सर्वांत गजबजलेला विभाग याच मुलांचा असतो.

नियमपुस्तिका आणि फिती

सगळा कारभार बक्षिसांच्या नियमपुस्तिकेवर चालतो. ती काही महिने आधी निघते. तिच्यात विभाग, उपविभाग आणि वर्ग असे टप्पे असतात व प्रत्येक वर्गाला क्रमांक असतो. ‘जॅम, स्ट्रॉबेरी’ आणि ‘जॅम, मिश्र फळे’ हे दोन वेगळे वर्ग. नवशिक्यांच्या वस्तू बाद होतात त्या बहुधा दर्जामुळे नाही, तर चुकीच्या वर्गात नोंदल्यामुळे. चार कुकीज मागितल्या असता सहा ठेवणे, फितीच्या लोभाने एकाच वर्गात दोन नोंदी करणे, ठरलेल्या वेळेनंतर वस्तू आणणे, या चुकांना माफी नसते. पहिल्या क्रमांकाची रक्कम अनेक वर्गांत जेमतेम काही डॉलर असते. लोक येतात ते फितीसाठी.

निकाल लावण्याच्या पद्धती दोन आहेत. प्रौढांच्या विभागात सहसा वस्तूंची आपापसांत तुलना होते : पहिल्याला निळी फीत, दुसऱ्याला लाल, तिसऱ्याला पांढरी. (कॅनडात पहिल्याला लाल आणि दुसऱ्याला निळी, त्यामुळे सीमेजवळ गोंधळ होतो.) मुलांच्या विभागात बहुतेक ठिकाणी ‘डॅनिश पद्धत’ असते. तीत प्रत्येक वस्तू एका ठरलेल्या मानदंडाशी ताडून पाहतात. मानदंड गाठणाऱ्या सर्वांना निळी, थोडी उणीव असल्यास लाल, बरीच असल्यास पांढरी. एका वर्गात बारा निळ्या फिती निघू शकतात किंवा एकही निघत नाही. सर्वोत्कृष्ट ठरलेल्याला जांभळी. फोर-एचमध्ये अनेकदा परीक्षक मुलाला समोर बसवून विचारतो : शिवण उसवून पुन्हा का घातली नाहीस, पाव मध्यभागी का दबला? दहा वर्षांच्या मुलाला आपल्या कामाचे कारण सांगता यावे, ही अपेक्षा फितीपेक्षा मोलाची आहे.

बरण्या

मुरंबे, जॅम, लोणची आणि डबाबंद भाज्यांचा विभाग बाहेरून सर्वांत निरुपद्रवी दिसतो, पण नियम सर्वांत कडक याच विभागाचे. कारण बोट्युलिझम ही प्राणघातक अन्नविषबाधा. कमी आम्लतेच्या, म्हणजे ४.६ पेक्षा अधिक सामू (pH) असलेल्या पदार्थात हवाबंद बरणीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू विष तयार करू शकतो आणि ते ना डोळ्यांना दिसते ना चवीला कळते. म्हणून फरसबी, मका, मांस यांच्या बरण्या दाबपात्रातच प्रक्रिया केलेल्या असाव्या लागतात. जॅम, फळे आणि व्हिनेगरमधली लोणची उकळत्या पाण्यात चालतात. टोमॅटो सीमेवरचा. एक क्वार्ट (सुमारे ९५० मिली) बरणीला बाटलीतल्या लिंबूरसाचे दोन टेबलस्पून, पाइंटला (अर्ध्या क्वार्टला) एक, हे घालावेच लागते. ताज्या लिंबाची आम्लता फळागणिक बदलते, म्हणून रस बाटलीतलाच.

चिठ्ठीवर पदार्थ, पद्धत, वेळ, दाब आणि भरल्याची तारीख लिहायची. गाव किती उंचीवर आहे हेही परीक्षक लक्षात घेतो, कारण उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळते. समुद्रसपाटीपासून १,००० फुटांपर्यंत वजनी झाकणाच्या दाबपात्राला १० पौंड दाब पुरतो, त्यावर १५ लागतो. कोलोरॅडोतल्या बरणीवर ‘१० पौंड’ लिहिलेले दिसले की चव घेण्याचा प्रश्नच उरत नाही. भाज्यांच्या बरण्या तशाही परीक्षक उघडत नाहीत. रंग, काप आणि पाण्याची स्वच्छता पाहूनच गुण देतात.

मग मोजपट्टी येते. झाकणाखाली सोडायची मोकळी जागा जॅम-जेलीला पाव इंच (सुमारे ६ मिमी), फळे, टोमॅटो आणि लोणच्याला अर्धा इंच, कमी आम्लाच्या भाज्यांना एक इंच. जागा कमी पडली तर उकळताना पदार्थ झाकणाखाली येऊन हवाबंदी बिघडते. जास्त राहिली तर हवा पूर्ण बाहेर पडत नाही आणि वरचा थर काळपट होतो. फळे वर तरंगून खाली नुसता पाक उरला असेल तर ती कच्ची भरली असण्याचा संभव अधिक. जेली ताटलीत काढल्यावर आकार धरून किंचित थरथरली पाहिजे. वाहिली तर पेक्टिन (फळांतला घट्टपणा आणणारा घटक) किंवा आम्ल कमी, रबरासारखी झाली तर जास्त शिजवलेली. आजीच्या पद्धतीने मेणाने बंद केलेली किंवा गरम भरून उलटी ठेवलेली बरणी थेट बाद. दर वर्षी यावरून कुणीतरी रागावून घरी जाते.

बेकरीच्या पदार्थांत नियम सोपे : पांढऱ्या कागदी ताटलीवर ठरलेले नग, सगळे एका आकाराचे. शीतकपाट लागणारे क्रीम-चीज वगैरे बहुतेक ठिकाणी वर्ज्य. मफिन कापल्यावर आत उभी भोके दिसली तर पीठ जास्त घोटले आहे. भाज्यांत नवखा हमखास सर्वांत मोठी काकडी आणतो आणि हरतो, कारण गुण एकसारखेपणाला असतात. अजस्र भोपळ्यांसाठी वेगळा वर्ग असतो. बटाटा खरखरून धुवायचा नाही, मऊ ब्रशने माती झटकायची. कांद्याची सैल टरफलेच तेवढी काढायची, जास्त सोलला की गुण गेले.

गोधड्या

क्विल्ट ही आपल्या गोधडीची नातेवाईक, पण तीन थर, आखीव नक्षी आणि मोजणीचा सोस यांमुळे वेगळी. हाताने घातलेल्या टाक्यांत इंचाला आठ ते दहा टाके, दोन्ही बाजूंनी सारख्या लांबीचे, ही चांगल्या कामाची खूण मानतात. कडेची पट्टी आत मधल्या मऊ थराने पूर्ण भरलेली असावी, पोकळ नको; कोपरे काटकोनात. गोधडी टांगल्यावर कडा लाटांसारख्या झुलल्या तर किनार मोजून न लावता नुसती शिवत नेली आहे. पेन्सिलीच्या खुणा, लोंबणारे दोरे, मांजराचे केस आणि सिगारेटचा वास यांवर गुण कापले जातात. टांगण्यासाठी मागे सुमारे चार इंचांची नळीसारखी पट्टी शिवायला लोक विसरतात आणि ऐनवेळी टाचण्या शोधत फिरतात.

जनावरे

जनावरांचा विभाग महिनोन्‌महिने आधी सुरू होतो. मुलाने ठरावीक तारखेच्या आत जनावर स्वतःच्या ताब्यात घेतलेले असले पाहिजे. गोऱ्ह्यांना आदल्या हिवाळ्यातच वजन करून कानात बिल्ला मारतात, डुकरे-मेंढ्यांना वसंतात. डुकरांच्या कानाला खाचाही असतात : उजव्या कानावर वेताचा क्रमांक, डाव्यावर पिलाचा. जनावर मध्येच बदलून महागडे विकत आणू नये, हा हेतू.

हिशेब वजनाचा आहे. एप्रिलमध्ये २५ किलोंचे डुक्कर घेतले आणि ते रोज सुमारे ९०० ग्रॅम वाढले, तर शंभर दिवसांत ११५ किलो होते, म्हणजे १०५ ते १३० किलोंच्या नेहमीच्या चौकटीत नेमके बसते. पिलू एप्रिलऐवजी मेच्या अखेरीस घेणाऱ्याचे डुक्कर किमान वजन गाठत नाही आणि लिलावातून बाद होते. उलट फार लवकर घेतले तर चरबी चढते. कत्तलीच्या गोऱ्ह्यांचे वजन ५४५ ते ६३५ किलोंच्या आसपास अपेक्षित असते.

डुकराला घाम जवळजवळ येत नाही आणि फेअर भरते ऐन उन्हाळ्यात, त्यामुळे उष्माघात हा सर्वांत मोठा धोका. फिरवणे पहाटे, पंखे दिवसभर, गोऱ्या कातडीच्या डुकरांना सावली. दुसरी अडचण पाण्याची. मैदानावरच्या पाण्याची चव वेगळी लागली की डुक्कर पाणीच पीत नाही. म्हणून जाणते लोक आठवडाभर आधीपासून घरच्या पाण्यात जेलीची चवदार पूड घालून सवय लावतात आणि मैदानावरही तीच घालतात. औषध दिले असेल तर ते शरीरातून जाण्याचा ठरलेला काळ उलटलेला असावा लागतो आणि तसे लिहून द्यावे लागते. जून २०२३ पासून माणसांच्या उपचारातही महत्त्वाची असलेली प्रतिजैविके जनावरांसाठी पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, त्यामुळे दुकानातून आणून टोचण्याची जुनी सवय मोडावी लागली.

रिंगणात दोन वेगळ्या परीक्षा होतात. एकीत जनावराचे अंग, मांस आणि चाल बघतात. दुसरीत ते हाताळणाऱ्या मुलाला गुण असतात. डुकराला दोरी नसते, हलक्या काठीने वळवत ते आपल्या आणि परीक्षकाच्या मध्ये ठेवायचे. गोऱ्ह्याची म्होरकी धरून डावीकडून चालायचे आणि लांब काठीने त्याचे पाय नीट मांडायचे. जनावराकडे पाहण्याच्या नादात परीक्षकाकडे पाठ झाली की गुण गेले. साधे जनावर घेऊनही हा दुसरा वर्ग जिंकता येतो, म्हणून गरीब घरच्या मुलांचा खरा भरवसा त्यावर.

शेवटी लिलाव. स्थानिक बँक, पशुखाद्याचे दुकान, ट्रॅक्टरचा विक्रेता बाजारभावापेक्षा कितीतरी चढा भाव देतात. तो उघडच मुलाच्या शिक्षणाला हातभार असतो आणि थोडी जाहिरातही. अनेक फेअरमध्ये विकलेले जनावर थेट कत्तलखान्यात जाते, ते परत घरी नेता येत नाही. पहिल्या वर्षी मुले गोठ्यात रडतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. आपल्याकडे नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही जनावरांची स्पर्धा आणि बाजार एकत्र येतात. पण मुलाने एकच जनावर वाढवून त्याच्या खाद्याचा, वजनाचा, खर्चाचा लेखी ताळेबंद परीक्षकापुढे ठेवणे हे काऊंटी फेअरचे वैशिष्ट्य.

आरोग्य

२०१२ मध्ये डुकरांकडून माणसांत आलेल्या एच३एन२ प्रकारातील फ्लूचे ३०० हून अधिक रुग्ण आढळले, मुख्यतः इंडियाना आणि ओहायोत. बहुसंख्य मुले होती आणि फेअरमध्ये डुकरांजवळ गेली होती. तेव्हापासून डुकरे मैदानावर ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत अशी शिफारस केली जाते, कारण विषाणूला कळपात फैलावायला लागणारा वेळ त्याने कमी मिळतो. गोठ्यात खाणे-पिणे नको, बाहेर पडताना साबणाने हात धुवायचे. हाताला माती-शेण लागले असेल तर नुसते सॅनिटायझर पुरत नाही. २०२४ मध्ये दुभत्या गायींत बर्ड फ्लू आढळल्यावर मिनेसोटासारख्या राज्यांनी दुभत्या गायींना चाचणीशिवाय प्रदर्शनात येऊ दिले नाही.

पाळणे, तंबू आणि पैसा

पाळण्यांचा भाग ‘मिडवे’ म्हणून ओळखला जातो. हे नाव १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनातील मिडवे प्लेझन्स या रस्त्यावरून आले. फेअरचा हा भाग फिरत्या कंपनीला करारावर दिला जातो आणि उत्पन्नातला वाटा फेअरला मिळतो. हे पाळणे दर आठवड्याला सोडून पुन्हा जोडले जातात, आणि दोष नेहमी वरून दिसत नाही : २०१७ मध्ये ओहायो राज्य फेअरमध्ये पाळणा तुटून एकाचा मृत्यू झाला, तेव्हा आधाराची तुळई आतून गंजलेली निघाली.

हस्तकलेच्या विक्रेत्यांना साधारण १० बाय १० फुटांची जागा मिळते. डांबरावर खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून तंबूच्या प्रत्येक पायाला निदान ४० पौंड (१८ किलो) वजन बांधायचे. पाण्याच्या बाटल्या टांगणाऱ्यांचे तंबू पहिल्या वादळात शेजाऱ्याच्या काचसामानावर जाऊन पडतात. विक्रीकराचा तात्पुरता परवाना आणि अनेक ठिकाणी विमाही लागतो. हाताने केलेल्या मालात घाऊक आणलेला माल मिसळणे ही जुनी तक्रार. त्यामुळे निवडक प्रदर्शनांत अर्जासोबत वस्तूंची आणि मांडणीची छायाचित्रे मागतात.

निकालावर आक्षेप घेता येतो, पण लेखी आणि सहसा अनामत रक्कम भरून. आक्षेप फेटाळला तर ती जप्त होते. नियम मोडल्याचा मुद्दाच तेवढा ऐकला जातो. जॅमची चव आवडली नाही, असे परीक्षकाने लिहिले असेल तर त्यावर दाद नाही.