ना धुरजड, ना उलाळ

बैलगाडीत माल भरणाऱ्याला दोन शब्द पक्के ठाऊक असतात. ओझं कण्याच्या पुढे जास्त झालं की गाडी धुरजड होते, सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. ओझं मागे सरकलं की गाडी उलाळ होते, पुढची बाजू वर उचलली जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. रेडिओवर चालणारं ग्लायडर जोडताना जे काही करावं लागतं त्याचं सार या दोन शब्दांत आहे, असं माझं मत झालंय. चिकटवाचिकटवी कोणालाही जमते. विमान उडणार की कोसळणार हे मात्र काही ग्रॅम वजन कुठे ठेवलं यावर ठरतं.

दिवाळीच्या सुट्टीत नववीतल्या भाचीला घेऊन मी असं एक ग्लायडर जोडलं. पंखांचा पसारा टोकापासून टोकापर्यंत २ मीटर, पंखाची रुंदी मध्ये २० सेंटिमीटर आणि टोकांकडे निमुळती, सगळं मिळून वजन ७२० ग्रॅम. वर चढण्यापुरती नाकात छोटी मोटर आणि मिटणारा पंखा. उंची गाठली की मोटर बंद करायची, पंख्याची पाती मागे मिटून अंगाला चिकटतात आणि पुढचं सगळं उडणं हवेच्या भरवशावर.

सांगाडा बाल्सा लाकडाचा. हे झाड मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं, आणि जगाला लागणारं बरंचसं बाल्सा इक्वाडोरमधून येतं. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ते आपल्या काटेसावरीच्या कुळातलं आहे. झाड झपाट्याने वाढतं, त्याच्या पेशी मोठ्या, पातळ भिंतींच्या आणि पाण्याने भरलेल्या असतात. लाकूड वाळवलं की पाणी जातं आणि पोकळ्या उरतात. म्हणून एक घनमीटर सागवान साधारण ६५० किलो भरतं, तर तेवढंच बाल्सा दीडशेच्या आसपास. स्पॅनिशमध्ये ‘बाल्सा’ म्हणजे तराफा. १९४७ साली थोर हेयरडाल नावाच्या नॉर्वेच्या साहसवीराने पेरूहून पॉलिनेशियापर्यंत जो ‘कॉन-टिकी’ तराफा नेला, तो याच लाकडाच्या ओंडक्यांचा होता. लाकडाला लाकूड जोडायला आपलं नेहमीचं फेव्हिकॉल उत्तम, जिथे ताण जास्त तिथे इपॉक्सी.

पंख जोडायला आम्ही स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा रिकामा करून घेतला, कारण घरात त्याच्याइतकी सपाट दुसरी जागा नाही. पंख पिळलेला असला तर डाव्या आणि उजव्या बाजूची उचल सारखी राहत नाही आणि विमान कायम एकीकडे झुकतं. टोकांकडे पंखाची पुढची कड मुळाच्या मानाने किंचित खाली पिळलेली असली तर चांगलंच, कारण वेग कमी पडल्यावर टोकं आधी हवा सोडत नाहीत, म्हणजे त्यांची उचल आधी जात नाही. पण तो पीळ दोन्हीकडे सारखा हवा. आमचा उजवा पंख थोडा जास्त पिळलेला निघाला. पंखावर जी प्लॅस्टिकची पातळ फिल्म असते ती इस्त्रीच्या उष्णतेने आकसते. पंख उलट बाजूला हलकेच पिळून धरायचा, फिल्मवर इस्त्री फिरवायची आणि थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवायचा. दोनदा केल्यावर तो सरळ झाला.

“मावशी, याच्या पंखांना मागे हलणाऱ्या पट्ट्याच नाहीत. मग हे कलणार कसं?” भाचीने विचारलं. प्रश्न अगदी नेमका होता. मोठ्या विमानांच्या पंखांना एलेरॉन असतात, आमच्या ग्लायडरला फक्त शेपटीवरच्या दोन हलत्या पट्ट्या: नाक डावी-उजवीकडे वळवणारा उभा रडर आणि नाक वर-खाली करणारा आडवा एलिव्हेटर. कलण्याचं काम पंखांच्या आकारावर सोपवलेलं असतं. समोरून पाहिलं तर पंख टोकांकडे वर वळलेले दिसतात, पसरट वाडग्याच्या कडांसारखे. रडरने शेपटी डावीकडे ढकलली की नाक उजवीकडे वळतं आणि विमान क्षणभर तिरकं सरकतं. तेव्हा डावा पंख वाऱ्याच्या पुढ्यात येतो. तो वर वळलेला असल्यामुळे वारा त्याला थोडा जास्त खालून लागतो, त्याची उचल वाढते आणि विमान उजवीकडे कलून वळायला लागतं. हाच आकार उलटही उपयोगी पडतो. झुळुकीने एक पंख खाली गेला की विमान त्या बाजूला घसरतं, खालच्या पंखाला जास्त उचल मिळते आणि ते आपोआप समतोल होतं. नवशिक्याच्या हातून झालेल्या कितीतरी चुका हा आकार परस्पर निस्तरतो.

पंख अंगावर बसवल्यावर एक दोरी घ्यायची. शेपटीच्या मागच्या टोकापासून डाव्या पंखाच्या टोकापर्यंतचं अंतर आणि उजव्या पंखाच्या टोकापर्यंतचं अंतर सारखं भरलं पाहिजे. आमच्यात ११ मिलिमीटरचा फरक होता. पंख बसतो ती खाच पॉलिश पेपरने घासत घासत तो २ वर आणला. मग चार पावलं मागे जाऊन, एक डोळा मिटून, शेपटीची आडवी पट्टी पंखांना समांतर दिसते का ते पाहायचं. हे पाहणं इपॉक्सी घट्ट होण्याआधी करायचं असतं.

आता विजेचा भाग. रडर आणि एलिव्हेटर हलवायला दोन सर्वो, प्रत्येकी ९ ग्रॅमचे. सर्वोच्या काडेपेटीएवढ्याही नसलेल्या डबीत एक मोटर, दात्यांची चाकं, एक छोटं सर्किट आणि दांडा कुठवर फिरलाय हे सांगणारा बदलता रोधक असतो. रिसीव्हर, म्हणजे रिमोटचा सिग्नल पकडणारी विमानातली डबी, त्याला साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक ठोका पाठवतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला तर दांडा मध्यावर, १ चा असला तर एका टोकाला, २ चा असला तर दुसऱ्या टोकाला. सर्वो सांगितलेली जागा आणि प्रत्यक्षातली जागा ताडून पाहतो आणि फरक मिटेपर्यंत मोटर फिरवतो. म्हणून आधी रिमोट चालू करून सर्वो मध्यावर आणायचा आणि मगच त्याच्या दांड्यावर पट्टी बसवायची. हा क्रम उलटा केला तर सर्वोपासून शेपटीपर्यंत जाणाऱ्या सळ्या पुन्हा सोडवत बसावं लागतं.

रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो, म्हणजे लहरींची लांबी साडेबारा सेंटिमीटर. रिसीव्हरच्या तारेचं उघडं टोक जेमतेम ३ सेंटिमीटर असतं, कारण ते लहरीच्या चौथ्या हिश्शाएवढं ठेवलेलं असतं. ते दुमडायचं किंवा कापायचं नाही. तारा दोन असतील तर एकमेकींशी काटकोनात ठेवायच्या, म्हणजे विमान कसंही वळलं तरी एकीला तरी सिग्नल नीट मिळतो. कार्बन फायबर रेडिओलहरी अडवतं, त्यामुळे कार्बनच्या अंगाचं विमान असेल तर तारा बाहेर काढाव्या लागतात. आमच्या बाल्साला ती अडचण नव्हती.

मी सगळ्यात जास्त वेळ खर्च केला तो यानंतर, गुरुत्वमध्यावर. पंखाच्या खाली, पुढच्या कडेपासून ६५ मिलिमीटरवर दोन्ही बाजूंना पेन्सिलची खूण केली आणि बॅटरीसकट तयार विमान त्या खुणांवर दोन बोटांनी उचललं. नाक वर, शेपटी खाली. चक्क उलाळ.

उलाळ विमान का उडत नाही? समजा झुळुकीने नाक जरा वर गेलं. आता पंख आणि शेपटी दोघंही हवेला जास्त कोनातून सामोरी जातात आणि दोघांची उचल वाढते. या दोन वाढीव उचलींचा मिळून एक बिंदू असतो, आमच्या ग्लायडरमध्ये तो पंखाच्या साधारण मध्याजवळ येतो. विमान फिरतं ते गुरुत्वमध्याभोवती. गुरुत्वमध्य त्या बिंदूच्या पुढे असेल तर वाढीव उचल मागची बाजू वर ढकलते, नाक खाली येतं आणि झुळुकीने केलेली गडबड तिथल्या तिथे मिटते. गुरुत्वमध्य त्या बिंदूच्या मागे गेला की तीच उचल नाकाला आणखी वर रेटते, कोन आणखी वाढतो, उचल आणखी वाढते आणि पाहता पाहता पंख हवा सोडतो. जमिनीवर उभं राहून रिमोटची काडी हलवणाऱ्याला ते सावरायला वेळच मिळत नाही.

आमच्या उलाळपणाचं कारण शेपटीत सापडलं. जोड भक्कम व्हावा म्हणून तिथे इपॉक्सी सढळ हाताने लावलं होतं, सुमारे १० ग्रॅम जास्त. एवढंसं वजन, पण गुरुत्वमध्यापासून शेपटी ६८ सेंटिमीटर लांब आणि नाक फक्त २५. तराजूच्या लांब दांडीचा नियम इथे लागू पडतो. शेपटीतले १० ग्रॅम तोलायला नाकात १० गुणिले ६८ भागिले २५, म्हणजे २७ ग्रॅम घालावे लागतात. शेपटीत बेफिकिरीने घातलेल्या प्रत्येक ग्रॅमचे असे पावणेचार ग्रॅम होऊन विमानाला वाहावे लागतात. खरवडून निघेल तेवढं इपॉक्सी काढलं, बॅटरी पुढे सरकवली, आणि उरलेल्यासाठी टायरवाल्याकडून चाकाला चिकटवायची वजनं आणली. ती ५ आणि १० ग्रॅमच्या तुकड्यांत मिळतात आणि मागे गोंद असतो.

सरकतं वजन ही युक्ती विमानविद्येइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधल्या जॉर्ज केलीने १८०४ साली एक छोटं ग्लायडर केलं: एका काठीवर पतंगासारखा पंख, मागे कोन बदलता येईल अशी शेपटी आणि पुढे तोल साधायला वजन. आम्ही ओट्यावर जे करत होतो ते त्याने दोनशे वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं. जर्मनीत ओटो लिलिएंथालने १८९१ पासून सुमारे दोन हजार उड्डाणं केली, आणि पंखांखाली लोंबकळत आपलं शरीर पुढेमागे हलवून तो तोल राखायचा. म्हणजे गुरुत्वमध्य हेच त्याचं सुकाणू. ९ ऑगस्ट १८९६ रोजी हवेत त्याच्या ग्लायडरचा वेग तुटला, वजन पुढे टाकूनही नाक वेळेत खाली आलं नाही. साधारण १५ मीटरवरून तो पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. बोटांवर विमान तोलताना मला दरवेळी त्याची आठवण येते.

पहिली फेक मऊ गवताच्या मैदानावर, सकाळी, वाऱ्याच्या तोंडावर. त्याआधी दोन गोष्टी पाहून घेतल्या. एक, काडी मागे ओढल्यावर एलिव्हेटर वरच जातो आणि उजवीकडे नेल्यावर रडर उजवीकडेच वळतो. दुसरी, जागा. २०२१ च्या ड्रोन नियमांत अशी छंदाची विमानंही मोडतात आणि ती कायम नजरेच्या टप्प्यात ठेवावी लागतात. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं. विमानतळाच्या आसपास ही मर्यादा बदलते, म्हणून नकाशा पाहिल्याशिवाय बाहेर पडू नये.

फेक भाल्यासारखी सरळ, नाक क्षितिजाच्या जरासं खाली. वर फेकायचं नाही, मोटर लावायची नाही. आमचं विमान पुढे गेलं, मग नाक वर करून चढलं, थबकलं, खाली गेलं, वेग आला तसं पुन्हा चढलं. या लाटेला शास्त्रात ‘फ्युगॉइड’ म्हणतात. नाव फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०८ साली दिलं. त्याने ‘फ्लाइट’साठी ग्रीक शब्द शोधला आणि त्याला मिळाला ‘पळून जाणं’ या अर्थाचा. नाव चुकलं, गणित मात्र अचूक होतं. विमान उंची देऊन वेग घेतं आणि वेग देऊन उंची घेतं, झोपाळ्यासारखं. एका हेलकाव्याला लागणारा वेळ अंदाजे फक्त वेगावर अवलंबून असतो, विमानाचं वजन किंवा आकार त्यात येतच नाही. ताशी २८ किलोमीटरने सरकणाऱ्या आमच्या ग्लायडरसाठी तो साडेतीन सेकंद येतो. ताशी ९०० किलोमीटरने जाणाऱ्या प्रवासी विमानासाठी तोच जवळजवळ दोन मिनिटं. भाचीने मोजून पाहिलं, उतरेपर्यंत एक हेलकावा आणि दुसऱ्याचा अर्धा एवढंच पदरात पडलं, पण हिशेब जुळला.

रिमोटवरून एलिव्हेटर दोन टिचक्या खाली केल्यावर तिसरी फेक सुतासारखी सरळ गेली. मग मोटर लावून ८० मीटर वर नेलं आणि मोटर बंद केली. शांत हवेत हे ग्लायडर सेकंदाला सुमारे ६० सेंटिमीटर खाली येतं. म्हणजे याहून जोरात वर जाणारी हवा भेटली की ते न उतरता चढायला लागतं. तापलेल्या नांगरटीवरून उठणारी हवा त्याहून सहज जोरात असते, आणि घारी तिथेच घिरट्या घालत असतात. पण त्या सकाळी आम्हाला तरंगायचं नव्हतं, तोल तपासायचा होता.

त्याची एक सुरेख चाचणी आहे. सरळ उडणाऱ्या विमानाचं नाक खाली करून त्याला झेप घ्यायला लावायची आणि काडी सोडून द्यायची. विमान नाकाकडे जड असेल तर ते सरळ उडावं म्हणून शेपटी खाली दाबणारी ठेवलेली असते. वेग वाढला की हा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, वजन मात्र आहे तेवढंच राहतं, त्यामुळे नाक झटकन वर येतं. विमान उलाळ असेल तर झेप आणखी खोल होत जाते. तोल बरोबर असेल तर ते सावकाश, मोठ्या वळणाने सावरतं.

आमचं झटकन वर आलं. नवशिक्यांसाठी हे सुरक्षित, पण अकारण वजन वाहणारं विमान. उतरवून नाकातून ५ ग्रॅमचा एक तुकडा काढला, एलिव्हेटर एक टिचकी खाली नेला, पुन्हा वर नेलं. अजून थोडं झटकन. आणखी ५ ग्रॅम काढले. चौथ्या झेपेला काडी सोडल्यावर ते खाली जात राहिलं, भाचीने माझा दंड घट्ट धरला, आणि मग नाक हळूहळू वर येत ते समोरच्या बाभळींच्या बऱ्याच अलीकडे सपाट झालं. घरी येऊन पुन्हा बोटांवर तोललं. पेन्सिलची जुनी खूण खोडली आणि भाचीने पंखाखाली पेनाने नवी केली: ६९ मिमी.