वारी चाललात म्हणजे मॅरेथॉनची तयारी झाली?

आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर पायी चाललेल्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनसाठी वेगळा सराव लागत नाही, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. ते खरे नाही. वारीतले अंतर अडीच-तीन आठवड्यांत विभागलेले असते, आणि पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा मोठा टप्पासुद्धा विसावे घेत, दिवसभरात पार होतो.

मुख्य फरक पावलाचा आहे. चालताना एक पाऊल सतत जमिनीवर असते. धावताना मात्र शरीर क्षणभर अधांतरी जाते आणि उतरताना पायावर वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो, जो सोसण्याची सवय पोटऱ्यांना, स्नायुबंधांना आणि हाडांना हळूहळू धावूनच लागते. शिवाय ताशी पाच किलोमीटर वेगाने चालल्यास मॅरेथॉनला साडेआठ तास लागतील, आणि बऱ्याच स्पर्धांची मुदत त्याआधीच संपते.

तरीही प्रवासातले चालणे वाया जात नाही. तासन्‌तास पायांवर राहण्याची सवय, घट्ट झालेली त्वचा आणि कोणता बूट चावतो याचे ज्ञान (हे शेवटचे फार मोलाचे) त्यातून मिळते. आषाढातल्या वारीनंतर जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनपर्यंत सहाएक महिने उरतात; तेवढ्यात धावण्याचा सराव टप्प्याटप्प्याने वाढवता येतो.