तिसऱ्या डोसला जायच्या आधी कोविनवर नाव एकदाच आहे ना पाहून घ्या: प्रिकॉशन डोस अन् १५ ते १८ वाल्यांची लस (नागपूर, जानेवारी २०२२)

आईला घेऊन मागच्या आठवड्यात कोरोना लसीच्या तिसऱ्या डोससाठी गेलो तं टेबलवरच्या मॅडमनी कोविनवर (लस नोंदणीची सरकारी साइट) माझा मोबाईल नंबर टाकला, स्क्रीनकडे पाहिलं अन् म्हणाल्या, काकूंचा दुसराच डोस बाकी दिसून राहिला. आई म्हणे, अहो दोन्ही घेतले, दुसऱ्याच्या वेळी हात इतका दुखला की दोन दिवस पोळ्या लाटता नाही आल्या. पण पोळ्या काही कोविनवर दिसत नाहीत. आल्या पावली वापस.

घरी येऊन लॉगिन केलं तेव्हा कळलं की आमच्या अकाऊंटमध्ये आई दोनदा आहे. पहिला डोस मार्च २०२१ च्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे नागपुरात १५ मार्चचं लॉकडाऊन लागायच्या आधी, आधार दाखवून घेतला होता. दुसरा ६ एप्रिलला. तेव्हा दुसऱ्या लाटेत शहराची काय हालत होती ते तुम्हाला माहीतच आहे, त्या घाईत आधार घरी राहिलं, पर्समध्ये वोटर कार्ड होतं, तेच दाखवलं. केंद्रावर जुनं नाव शोधायच्या ऐवजी नवीन एन्ट्री झाली. आधारवर आईचं नाव अन् आडनाव, वोटर कार्डवर मधात बाबांचंही नाव, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबानं दोन वेगळ्या बाया, दोघींचा एकेक डोस झालेला अन् दोघींचा दुसरा थकलेला. माझंही चुकलंच, मेसेजमध्ये "पहिला डोस" लिहून आलं होतं अन् मी वाचलंच नाही.

म्हणून हे लिहून राहिलो, खालचे नियम अन् दर सगळे जानेवारी २०२२ चे आहेत. सुई टोचायला दोन मिनिटं लागतात, अडते ते सगळं नावापाशी अन् नंबरापाशी.

आता प्रिकॉशन डोस कोणाला ते पाहा (सगळे बूस्टर म्हणतात, सरकारी कागदावर नाव प्रिकॉशन आहे). १० जानेवारीपासून सुरू झाला. हेल्थ केअर वर्कर, फ्रंटलाइन वर्कर, अन् ६० च्या वरचे ज्यांना शुगर-बीपीसारखं काही जुनं दुखणं आहे ते. बाकीच्यांना सध्या नाही, चाळिशीतल्या माणसानं कितीही ओळख लावली तरी नाही. दुसऱ्या डोसपासून ९ महिने, म्हणजे ३९ आठवडे पूर्ण व्हायला पाहिजेत. आईचा ६ एप्रिलचा, तं ४ जानेवारीला ३९ आठवडे झाले. बोटावर मोजत नका बसू, तुमच्या अकाऊंटमध्ये तारीख दिसते अन् नंबर आल्यावर मेसेजही येतो. लस तीच जी आधी घेतली, कोविशिल्डवाल्याला कोविशिल्ड, कोव्हॅक्सिनवाल्याला कोव्हॅक्सिन.

डॉक्टरचं सर्टिफिकेट लागते का, हे मला निदान दहा जणांनी विचारलं. नाही लागत. मागच्या वर्षी १ मार्चला ४५ ते ५९ वाल्यांना आजाराचं सर्टिफिकेट लागत होतं, ते लोकांच्या डोक्यात बसलं आहे. आता ६० च्या वरच्यांनी आपल्या डॉक्टरला फक्त विचारून घ्यायचं, कागद कोणी मागत नाही. कागद लागतो तो वेगळ्यांना: जे दवाखान्यात किंवा फ्रंटलाइनला काम करतात पण कोविनवर साधे नागरिक म्हणून चढले आहेत त्यांना. त्यांनी नोकरीच्या ठिकाणचं सर्टिफिकेट घेऊन सरकारी केंद्रावरच जायचं, प्रायव्हेटमध्ये हे होत नाही.

अन् ज्यांना आत्ता या लाटेत कोरोना होऊन गेला त्यांनी बरं झाल्यापासून ३ महिने थांबायचं, हा नियम पहिल्या, दुसऱ्या अन् प्रिकॉशन तिन्ही डोसला आहे. घरात अर्धे लोक खोकून राहिले अन् तरी लायनीत उभे, असं नका करू बाप्पा.

पोट्ट्यांचं, म्हणजे १५ ते १८ वाल्यांचं, सोपं आहे. जन्मसाल २००७ किंवा त्याच्या आधीचं पाहिजे. नियम सालावर आहे, म्हणून डिसेंबर २००७ चं पोरगंही चालते जरी त्याला पंधरा पूर्ण नसले तरी. फक्त कोव्हॅक्सिन, दुसरा डोस २८ दिवसांनी. ३ जानेवारीपासून सुरू आहे. आई-बाबांच्याच अकाऊंटमध्ये नाव जोडता येते नाहीतर पोराच्या स्वतःच्या नंबरवरून नवीन करता येते, थेट केंद्रावर जाऊनही होते. आधार नसेल तर शाळा-कॉलेजचं आयकार्ड चालते. तिथे "कोव्हॅक्सिनच आहे ना" हे एकदा तोंडानं विचारून घ्या, विचारायला काय लाज.

सोबत काय न्यायचं तं जे ओळखपत्र पहिल्या डोसला दाखवलं तेच. आधार असो, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, वोटर कार्ड किंवा फोटोचं पेन्शन पासबुक, पण तेच. अन् ज्या मोबाईल नंबरवर नोंद आहे तो मोबाईल चार्ज करून. ऑनलाइन स्लॉट बुक केला असेल तर चार आकडी कोड येतो, तो केंद्रावरच सांगायचा, फोनवर "काकाजी बूस्टर बुक करून देतो, ओटीपी सांगा" असं कोणी म्हटलं तर फोन ठेवून द्या. सगळ्यात महत्त्वाचं, प्रिकॉशन डोससाठी नवीन रजिस्ट्रेशन करायचंच नाही. नवीन केलं की आमच्यासारखं होते, आणखी एक माणूस तयार.

सरकारी अन् मनपाच्या केंद्रावर फुकट आहे, मेडिकल, मेयो, डागा ही सरकारी हॉस्पिटलं नाहीतर मिहानमधलं एम्स, कुठेही जा. प्रायव्हेटमध्ये पैसे लागतात, कोविशिल्डचे जास्तीत जास्त ७८० अन् कोव्हॅक्सिनचे १४१० रुपये, त्याच्यावर मागितले तर बिल मागा.

आता दुरुस्ती. कोविनच्या साइटवर ओटीपीनं लॉगिन केलं की "रेज ॲन इश्यू" असं बटन आहे, त्यातच सगळं. नाव, जन्मसाल, लिंग, ओळखपत्राचा नंबर चुकला असेल तर तिथे दुरुस्त होते, पण ही संधी एकदाच आहे, म्हणून पोराला मोबाईल देऊन "टाकून दे रे" म्हणू नका, आधार समोर ठेवून एकेक अक्षर पाहून स्वतः टाका. दोन पहिले डोस दिसत असतील तर त्यातच मर्ज करायचा पर्याय आहे. मी आधी वोटर कार्डवाल्या एन्ट्रीतलं नाव आधारसारखं केलं, मग दोन्ही निवडून मर्ज टाकलं, चार दिवसांनी एकच सर्टिफिकेट आलं, दोन्ही तारखांसकट. परदेशात जायचं असेल तर पासपोर्ट नंबरही इथेच जोडायचा, अन् सर्टिफिकेटवरचं नाव पासपोर्टसारखंच पाहिजे नाहीतर एअरपोर्टवर बोंब.

काहींचं उलटं झालं आहे, डोस घेतलाच नाही अन् मेसेज आला "यशस्वीरीत्या लसीकरण झाले". त्यांच्यासाठी याच महिन्यात सोय आली, चुकीचा डोस रद्द करायची विनंती टाकता येते. ३ ते ७ दिवस लागतात, मग जवळच्या केंद्रावर जाऊन राहिलेला डोस घ्यायचा. ऑनलाइन जमतच नसेल तर कोविनचा टेक्निकल हेल्पलाइन नंबर ०१२०-४४७३२२२, लसीबद्दल साधं काही विचारायचं तर १०७५.

डोस झाल्यावर तिथे अर्धा तास बसवतातच, त्या अर्ध्या तासात मेसेज उघडा अन् नाव अन् कितवा डोस ते वाचा. चूक असेल तर टेबल समोरच आहे, घरी गेल्यावर मग रेज ॲन इश्यू. सर्टिफिकेट व्हॉट्सॲपवरही येते, ९०१३१५१५१५ ला मेसेज टाकायचा, ओटीपी आला की पीडीएफ हातात.

आईला काल लागला डोस, यावेळी हात नाही दुखला म्हणे. एका नंबरवर आधी चार जणं बसत होते, आता सहा केले, तं आमच्या घरचे पाच अन् सहावी शेजारची मावशी, कारण तिचा फोन बटनवाला. तिच्या डोसची पाळी मार्चमध्ये आहे, तोवर हा मोबाईल नंबर मला बदलता येत नाही.