न्यू जर्सीहून आलेली बारशाची कॅसेट

१९९३ च्या दिवाळीत मावशीच्या नातवाच्या बारशाची व्हिडिओ कॅसेट न्यू जर्सीहून इंदूरला आली. लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी आजी, शेजारच्या काकू, वरच्या मजल्यावरची मंडळी असे दहा-बारा जण सतरंजीवर दाटीवाटीने बसले. आईने चिवडा वाटला. व्हीसीआरने कॅसेट आत ओढून घेतली आणि पडद्यावर मुंग्यांचे जाड पट्टे वर सरकू लागले. पट्ट्यांच्या मधून पाळणा दिसत होता, पण रंग नव्हते. पाळणा म्हणणाऱ्या मावशीचा आवाज तर एखाद्या पुरुषाने सावकाश म्हणावं तसा जाड येत होता. आजीला वाटलं, कॅसेट प्रवासात भिजली असेल. बाबांनी व्हीसीआरमधलं फीत वाचणारं हेड साफ करून पुन्हा लावली, तरी तेच.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी ती घेऊन जेल रोडवर गेलो. दुकानदाराने कॅसेट हातात घेण्याआधीच विचारलं, "कहाँ से आई है? अमेरिका? फिर तो एनटीएससी होगी. आपका वीसीआर पाल है."

एनटीएससी आणि पाल या टीव्हीचं चित्र पाठवण्याच्या दोन पद्धती, पहिली अमेरिकेची आणि दुसरी आपल्याकडची. पण कॅसेटचा आकार तोच, आतली फीतही तीच. मग बिघडलं काय? मी तेव्हा सातवीत होतो आणि या प्रश्नाने मला कितीतरी दिवस सोडलं नाही. त्याचं उत्तर टीव्हीत सापडत नाही, भिंतीवरच्या प्लगात सापडतं.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, अमेरिकेतली ६० वेळा. सेकंदाला जितके हेलकावे, तितके हर्ट्‌झ. सुरुवातीच्या टीव्ही संचांत या विजेची घरघर थोडी चित्रात झिरपायची आणि पडद्यावर एक काळपट आडवा पट्टा उमटायचा. चित्र विजेच्याच तालावर बदललं, तर हा पट्टा एका जागी उभा राहतो आणि डोळा त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. ताल जुळला नाही, तर पट्टा सरपटत राहतो आणि बघणाऱ्याला छळतो. म्हणून १९४१ मध्ये अमेरिकेने सेकंदाला ६० अर्धी चित्रं पाठवायचं ठरवलं. टीव्हीचं चित्र आडव्या ओळींनी बनतं. आधी विषम ओळींचं अर्धं चित्र, मग सम ओळींचं, म्हणजे पूर्ण चित्रं ३०. युरोपात वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे तिथे २५.

अमेरिकेच्या एका चित्रात ५२५ ओळी, युरोपच्या चित्रात ६२५. आता गुणाकार करून पाहा. ५२५ गुणिले ३० म्हणजे १५,७५०, आणि ६२५ गुणिले २५ म्हणजे १५,६२५. सेकंदाला ओळी जवळजवळ तेवढ्याच! अमेरिकेने त्या जास्त चित्रांत वाटल्या, युरोपने कमी चित्रांत. तिकडे हालचाल जास्त सफाईदार दिसते, इकडे चित्र जास्त बारीक विणलेलं असतं. हा गुणाकार मी पहिल्यांदा वहीच्या मागच्या पानावर केला, तेव्हाचा आनंद अजून आठवतो.

या २५ ची एक गंमत गाणाऱ्यांना लवकर कळेल. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी काढतात. पाल देशांत तो टीव्हीवर दाखवताना सरळ २५ च्या वेगाने पळवण्याची रीत होती. अडीच तासांचा सिनेमा त्यामुळे सहा मिनिटं आधी संपतो. नुसती घाई असती तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं, पण वेगाबरोबर सूरही चढतो, अर्ध्या सुरापेक्षा किंचित कमी. लता मंगेशकरांचा जन्म आमच्या इंदूरचा, १९२९ चा. त्यांचं हार्मोनियमच्या काळी एक पट्टीतलं गाणं अशा टीव्हीवर जवळजवळ शेजारच्या पांढरी दोनपाशी जाऊन पोचतं. आमच्या पिढीने सिनेमातली किती गाणी अशी चढ्या सुरात ऐकली असतील!

रंग आले, तशी मतभेदांना आणखी धार चढली. अमेरिकेने डिसेंबर १९५३ मध्ये रंगीत एनटीएससी पद्धत मंजूर केली. अट अशी होती की लोकांच्या घरचे जुने कृष्णधवल संच निकामी होता कामा नयेत. म्हणून उजेडाचा सिग्नल होता तसाच ठेवून रंग एका बारीक लहरीवर चढवले. ती लहर कोणत्या क्षणी वर जाते आणि कोणत्या क्षणी खाली येते, यावरून रंग ठरतो: लाल, पिवळा की हिरवा. ही कल्पना फार सुंदर आहे, पण नाजूकही. वाटेत लहर जराशी मागेपुढे झाली, की बातम्या देणाऱ्याचा चेहरा हिरवट पडतो. अमेरिकी संचांवर म्हणूनच रंगछटा जुळवण्याचं वेगळं बटण असायचं.

यावरचा तोडगा जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनी काढला आणि जानेवारी १९६३ मध्ये तो दाखवला. हीच ती पाल पद्धत. त्यांनी रंगाच्या सिग्नलचा एक भाग दर दुसऱ्या ओळीला उलटा करून पाठवला. वाटेत चूक झालीच, तर एका ओळीत ती एका बाजूला पडते आणि पुढच्या ओळीत बरोबर विरुद्ध बाजूला. दोन ओळींची सरासरी काढली की चूक कटते, फक्त रंग किंचित फिका होतो. पण सरासरी काढायची तर आधीची ओळ सांभाळून ठेवायला हवी, आणि त्या काळी घरच्या संचात स्मृती कुठून आणायची? त्यासाठी काचेची एक लहानशी वडी वापरली. सिग्नलचं कंपनात रूपांतर करायचं, ते काचेतून भिंतींवर आपटत आपटत पलीकडे जाऊ द्यायचं आणि पलीकडे पुन्हा सिग्नल करून घ्यायचा. या प्रवासाला ६४ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे नेमका एका ओळीचा वेळ. जेल रोडवर एका कारागिराने उघडलेल्या संचात मला ती दाखवली होती: नखाएवढ्या पायांवर उभी असलेली चपटी डबी. आठवणारी काच! त्या दिवसापासून टीव्ही माझ्यासाठी नुसता डबा राहिला नाही.

फ्रान्सने १९६७ मध्ये तिसरीच पद्धत सुरू केली, सेकाम. सोव्हिएत संघाने आणि त्याच्या गोटातल्या बहुतेक देशांनीही तीच घेतली, आणि या निवडीत राजकारण उघड होतं. पश्चिम जर्मनीत पाल आणि पूर्व जर्मनीत सेकाम, त्यामुळे साध्या सेकाम संचावर सीमेपलीकडचा रंगीत कार्यक्रम कृष्णधवल दिसायचा. ब्राझीलची वीज ६० हर्ट्‌झची, म्हणून त्यांनी अमेरिकेच्या ओळींवर जर्मनीचे रंग चढवून आपली वेगळीच पाल बनवली. भारत ५० हर्ट्‌झचा आणि ६२५ ओळींचा, त्यामुळे १९८२ च्या आशियाई खेळांच्या वर्षी रंग आले ते पालमध्ये.

आता आमच्या कॅसेटकडे वळू. अमेरिकेतल्या व्हीसीआरमध्ये फीत सेकंदाला साधारण ३३ मिलिमीटर सरकते, आपल्याकडच्या व्हीसीआरमध्ये २३. आमच्या यंत्राने मावशीला तिच्या वेगाने चालवलंच नाही, म्हणून आवाज जाड झाला. फितीवर चित्र तिरप्या रेघांत उतरवलेलं असतं, त्या रेघांवर हेड नीट बसलं नाही, म्हणून मुंग्या दिसल्या. रंगाची खूणगाठ उलगडली नाही, म्हणून सगळं कृष्णधवल राहिलं. कॅसेट शाबूत होती आणि आमचा व्हीसीआरही.

डिजिटलमध्ये तरी जग एक होईल असं वाटलं होतं, पण झालं नाही. अँटेनाने दिसणाऱ्या प्रक्षेपणासाठी अमेरिकेची पद्धत वेगळी, युरोपची वेगळी, जपानची वेगळी आणि चीनचीही वेगळी. भारताने युरोपची घेतली, ब्राझीलने या वेळी जपानची. जपानी पद्धत मला सर्वांत विचारी वाटते. एका वाहिनीच्या जागेचे तेरा भाग करायचे आणि त्यातला एक खास मोबाइलसाठी राखायचा, म्हणजे चालत्या गाडीतही चित्र टिकतं.

पैसे गोळा करण्याच्या रीती तर चित्राच्या पद्धतींहूनही भिन्न आहेत. ब्रिटनमध्ये घरटी परवाना लागतो. २०२४ मध्ये तो १६९.५० पौंड होता आणि कृष्णधवल संचाला वेगळा, ५७ पौंड. जपानमध्ये संच घेतला की सार्वजनिक प्रसारण संस्थेशी करार करणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथल्या डिजिटल संचांत तर फुकटच्या वाहिन्यांसाठीही एक छोटं कार्ड घालावं लागायचं. अमेरिकेत डोंगराआडच्या गावांना सिग्नल मिळेना म्हणून १९४८ च्या सुमारास टेकडीवर एक उंच अँटेना लावून घरोघर तार ओढली, आणि त्या तारेतूनच पुढे केबलचा धंदा वाढला.

फ्रान्समध्ये ४ नोव्हेंबर १९८४ ला कनाल प्लस नावाचं पैसे भरून पाहायचं चॅनेल सुरू झालं. ते साध्या अँटेनावर यायचं, म्हणजे हवेतून सगळ्यांच्याच घरी. मग पैसे न देणाऱ्याला अडवायचं कसं? प्रत्येक ओळ थोडी थोडी, वेगवेगळ्या अंतराने बाजूला सरकवायची. चित्राच्या कडा करवतीसारख्या होतात आणि डोळ्याला काही उमगत नाही. भाड्याच्या डब्याला सरकवण्याचा क्रम ठाऊक असतो, तो ओळी परत जागेवर आणतो. ब्रिटनमधल्या उपग्रह वाहिन्यांनी पुढे प्रत्येक ओळ गुप्त जागी कापून तिचे दोन तुकडे अदलाबदल करायला सुरुवात केली. आजच्या सेट-टॉप डब्यात कापाकापी नाही, गणिती कुलूप आहे आणि त्याची किल्ली साधारण दर दहा सेकंदांनी बदलते. नवी किल्ली चित्राबरोबरच येते, पण ती स्वतःही कुलपात असते आणि डब्यातल्या तुमच्या कार्डालाच उघडते. रिचार्ज संपला की कार्डाला किल्ली उघडायची परवानगी उरत नाही. चित्र मात्र घरात येतच राहतं.

आमच्या घरात या सगळ्याला एक वेगळी बाजू होती. नव्वदच्या दशकात गल्लीत केबल आली, पण मराठी वाहिन्या लागत तारेच्या अगदी शेवटच्या, म्हणजे सर्वांत वरच्या फ्रिक्वेन्सीच्या जागांवर. तांब्याच्या तारेत सिग्नलची फ्रिक्वेन्सी जितकी वरची, तितका तो जास्त गळतो. खांबाखांबावरचे ॲम्प्लिफायर चित्राबरोबर मुंग्याही मोठ्या करत जातात. खालच्या, चांगल्या जागा मिळवण्यासाठी मोठ्या वाहिन्या केबलवाल्यांना पैसे देत. इंदुरात मराठीसाठी कोण देणार? आईने दहा वर्षं मालिका मुंग्यांतून पाहिल्या. पात्रं ती आवाजावरून ओळखायची. आपली भाषा त्या शहराची मुख्य भाषा नसली की ती तारेच्या टोकाला जाते, हे मला अजूनही बोचतं.

सरकारने देशभरची केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल करायला लावली; ३१ मार्च २०१३ ही दुसऱ्या टप्प्यातल्या शहरांची मुदत होती. त्या अडतीस शहरांत इंदूर होतं. डिजिटलमध्ये तारेवरची जागा महत्त्वाची उरत नाही. चित्र आलं तर पूर्ण येतं, नाहीतर चौकोनी ठिकऱ्या होऊन अडकतं. आईला पहिल्यांदा मराठी नायिकेच्या साडीचे काठ दिसले. पण आता मराठी एका मोठ्या पॅकमध्ये अडकली, नको असलेल्या वाहिन्यांसकट. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नवा नियम लागू झाला: १३० रुपये आणि कर भरून शंभर वाहिन्या, वर हवी ती वाहिनी एकेकटी घ्या. त्यात चुका असतील, बिलं वाढल्याच्या तक्रारीही खूप झाल्या. तरी मी या नियमाच्या बाजूने आहे. आई चष्मा लावून, हातात पेन्सिल घेऊन यादीतल्या मराठी वाहिन्यांपुढे खुणा करत बसली होती. तिची भाषा तिने एकेक करून निवडून घेतली.

ती कॅसेट गेल्या वर्षी माळ्यावर सापडली. फाइल करून देणाऱ्या मुलाने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "पाल है या एनटीएससी?" त्याच्याकडे दोन्ही चालवणारं यंत्र होतं. फाइल आली ती सेकंदाला २९.९७ चित्रांची, कारण रंग आले तेव्हा ते आवाजाच्या सिग्नलमध्ये मिसळू नयेत म्हणून अमेरिकेने ३० मधून हजारातला एक भाग वजा केला होता.

मावशी आता नाही. आईने मोबाइल कानाजवळ धरून पाळणा शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाली, "हा सूर तिचाच."