विंडसर्फिंग बोर्डाची रचना

विंडसर्फिंगचा बोर्ड म्हणजे शीड लावलेली, उभ्याने चालवायची फळी. तिला सुकाणू नसते. शीड पुढेमागे कलवून आणि फळीची एक कड पायांनी दाबून दिशा बदलतात. त्यामुळे आकारातली बारीक चूकही थेट पायांना कळते. कॅलिफोर्नियातील विमान अभियंते जिम ड्रेक यांनी १९६७ मध्ये मरिना डेल रे येथे आपला नमुना पाण्यात उतरवला. डोलकाठी सर्व बाजूंना कलू शकेल अशा सांध्यावर बसवणे ही त्यातली मुख्य कल्पना. ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर यांना तिचे अमेरिकी पेटंट १९७० मध्ये मिळाले.

मंद गतीत बोर्ड होडीसारखा पाणी बाजूला सारत जातो आणि स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात अडकून राहतो. लांबी जितकी कमी, तितकी ही वेगमर्यादा खालची, २.४ मीटर लांबीच्या बोर्डाला ती ताशी जेमतेम ७ किलोमीटर येते. वारा पुरेसा असला की बोर्ड त्या लाटेवर चढतो आणि पाण्याच्या पृष्ठावरून घसरू लागतो. याला प्लेनिंग म्हणतात. चपटा दगड तिरका फेकला की पाण्यावर टप्पे घेत जातो, त्यामागचे बलही हेच.

पाण्यावर चढणे त्या मानाने सोपे. रचनाकाराचा कस लागतो तो पाण्यापासून सुटण्यात. नळाच्या धारेला चमच्याची फुगीर पाठ लावून पाहावी: धार पाठीला चिकटून वळते आणि चमचा धारेत ओढला जातो. बोर्डाच्या मागच्या भागातली कड गोल असेल, तर पाणी असेच तिच्यावरून वर वळते आणि बोर्डाला खाली खेचते. म्हणून ही कड, म्हणजे रेल, मागे धारदार ठेवतात. पाणी तिथे तुटून निघते. पुढच्या बाजूला मात्र ती गोलसर लागते, नाहीतर लाटेत रुतते. तळाच्या लांबीतल्या बाकाला रॉकर म्हणतात. वेगाच्या बोर्डाचा तळ मागे जवळपास सपाट असतो, कारण तिथला बाक चमच्याच्या पाठीचेच काम करतो. लाटांवर झटपट वळायचे असेल, तर वेगाची ही किंमत मोजून बाक मुद्दाम वाढवतात.

शेपटीखालचा फिन हा पाण्यातला उभा पंख होय. शीड बोर्डाला आडवे ढकलते, तर फिन प्रवाहाशी काही अंशांचा कोन करून उलट दिशेने बल देतो. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट असल्याने मोठ्या शिडालाही हातभर फिन पुरतो. त्याच्या एका बाजूचा दाब फार उतरला, तर पृष्ठावरची हवा खाली शोषली जाते, पकड सुटते आणि शेपूट एकाएकी आडवी घसरते. याला स्पिन-आउट म्हणतात. पाय हलका करून फिनभोवतीचा प्रवाह पुन्हा जुळू द्यावा लागतो.

संगणकावर हा प्रवाह सोडवता येतो, पण पाण्याचा पृष्ठभाग, तुषार, बोर्डाचे उसळणे आणि चालवणाऱ्याचे सतत सरकणारे वजन एकत्र मांडणे जड जाते. म्हणूनच दोन नमुने एकाच वाऱ्यात शेजारीशेजारी चालवून तुलना करण्याची पद्धत अजून टिकून आहे, आणि ती योग्यच आहे. फ्रान्सच्या आंत्वान अल्बो यांनी २०१५ मध्ये नामिबियातील ल्युडेरित्स येथे ५३.२७ नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे ९९ किलोमीटरचा, वेग गाठला तो फिनच्या बोर्डावर. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मात्र फिनच्या जागी पाण्याखालचे पंख, म्हणजे फॉइल आले. वेग घेताच ते बोर्डाला पाण्याबाहेर उचलतात. तळ पाण्याला टेकतो तो उचलण्यापूर्वी आणि खाली आपटल्यावरच.